गालिचा नसलेली खिडकी

स्तामेनाच्या घरात खालची खोली लोकरीची होती. धुतलेली, पिंजलेली, रंगवलेली लोकर तिथे रचून ठेवलेली असायची. माग मात्र वरच्या खोलीत, उजेडाला. माग उभा, माणसाहून उंच. स्तामेना त्याच्यासमोर बुटक्या बाकावर बसायची आणि खालून वर विणत जायची, जसं या पिरोत गावात सगळ्याच बायका विणतात. गालिचा दोन्ही अंगांनी सारखाच दिसला पाहिजे. उलटं कुठलं नि सुलटं कुठलं हे ओळखू आलं तर ती विणकरीण कसली, असं सासूने तिला पहिल्याच हिवाळ्यात ऐकवलं होतं. तिने ते मनाला लावून घेतलं आणि हाताला शिकवलं.

ती डोंगरावरच्या गावातून या घरात आली ती गुपचूप. लग्न ठरलं आणि तिचे वडील गेले. ठरलेला दिवस मोडू नये म्हणून चर्चमध्ये दोघांच्या माथ्यावर लग्नाचे मुकुट चढले, पण वाजंत्री नव्हती, फेर धरून नाच नव्हता. नवरी गाडीतून उतरली तेव्हा घराशेजारच्या निशावा नदीचा तेवढा आवाज होता. नवरा ल्युबिसाव तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "ऐकतेस ना? तुझ्यासाठी नदीला वाजवायला सांगितलंय." वर्षभर तिने काळे कपडे घातले, रेडिओला हात लावला नाही. वडिलांचं देणं वडिलांना दिलं. पुढे आयुष्यात कितीही गाणी कानावर आली तरी तिला आपल्या लग्नाचं गाणं म्हणजे ती नदीच वाटायची.

आणि अशा शांत बाईच्या पोटी नेगोवान आला. लहानपणी पातेली बडवायचा, मोठा झाल्यावर ओरडायला लागला. त्याच्या बँडचं नाव 'चुलीतला लांडगा'. ल्युबिसाव टायरच्या कारखान्यातून दमून यायचा, बूट काढता काढता म्हणायचा, "लांडगा चुलीत शिरला तर पहिल्यांदा त्याची शेपूट जळेल, हे कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?" पण पोरांनी अल्बम करायचा ठरवला आणि खालची खोली मागितली, तेव्हा लोकरीच्या गाठी पाठीवरून माळ्यावर नेल्या त्यानेच.

भिंती उघड्या पडल्या तशी खोली घुमायला लागली. नेगोवानचा जोडीदार वेसेलिन गिटार वाजवायचा. दिसायला ताडमाड, बोलायला मऊ. त्याने मान खाली घालून विचारलं की काकू, पेटीतले गालिचे भिंतीवर टांगले तर चालतील का. स्तामेनाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. ते तिच्या माहेरून आलेले, सासूचे, आणि लेकाच्या लग्नासाठी तिने स्वतः विणलेले गालिचे.  संध्याकाळी जेवताना ल्युबिसाव एवढंच म्हणाला, "पेटीत काय, कसर खातेय. भिंतीवर निदान त्या ढणढणाटाने कसर तरी पळेल." दुसऱ्या दिवशी गालिचे टांगले गेले. लाल, काळे, पाठीवर पाठ लावून बसलेल्या कासवांच्या नक्षीचे, आणि सगळ्यांत मोठा, तिच्या हातचा सर्वांत सुरेख, नदीकडच्या खिडकीवर.

त्या शरदात ड्रमचं रेकॉर्डिंग झालं. वर मागावर बसलेल्या स्तामेनाला ताण्याचे उभे धागे थरथरताना दिसायचे. तिने बोट ठेवून पाहिलं तर धागा मांजरासारखा गुरगुरत होता. तिला त्याचा राग यायला हवा होता. पण खोलीत ऊन पिवळं पडलेलं असायचं, खालून तो दणका यायचा, आणि तिला वाटायचं की आपण गालिचा विणत नसून कुणा मोठ्या जनावराच्या पाठीवर बसून संथपणे कुठेतरी चाललो आहोत.

ल्युबिसाव थंडीत गेला. छताला टांगलेले चपटे सॉसेज उतरवून तो बाटलीने लाटत होता. इथे ते असेच काही दिवसांआड लाटून लाटून वाळवतात. बाटली ठेवली, खुर्चीत बसला, आणि बसलेलाच राहिला.

घराने सुतक धरलं. आरशावर कापड आलं. टीव्हीवर गालिच्याचा तुकडा आला. स्तामेना पुन्हा काळ्यात गेली. नेगोवानने स्वतःच खालच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली संत पेटकाच्या तसबिरीमागे ठेवली, जिथे घरातल्या जपून ठेवायच्या वस्तू असतात. दफनाच्या वेळी तो खांबासारखा उभा होता. गल्लीतल्या बायकांनी हंबरडा फोडला, बापाला हाका मारल्या, पण मुलाच्या डोळ्याला पाणी आलं नाही. बायकांच्या ते लक्षात राहिलं. स्तामेनाच्याही राहिलं. न रडलेलं दुःख माणसाला आतून वाळवतं, असं तिची आई म्हणायची.

चाळीस दिवस झाले तेव्हा शिजवलेले गहू, साखर, अक्रोड घेऊन ती चर्चमध्ये गेली. बरोबर खिडकीवरचा तो मोठा गालिचाही नेला आणि ल्युबिसावच्या नावाने देवाच्या दारी दिला. मेलेल्याच्या आत्म्यासाठी द्यायचं तर हातचं सर्वांत चांगलं द्यावं. उरलंसुरलं देऊन का पुण्य मिळतं? नेगोवानने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. कुलूपबंद खोलीतली एक खिडकी उघडी पडली, कुणाचं काय अडणार होतं.

मग एक दिवस वेसेलिनची आई बाजारात भेटली. तिच्याकडून कळलं की वेसेलिन मे महिन्यात, संत जॉर्जच्या सणानंतर, ऑस्ट्रियाला मामाकडे छपरं घालायच्या कामावर चाललाय. आणि नेगोवानने त्याला सांगितलं होतं की अल्बम सोडून द्या, नाहीतर माझ्या जागी दुसरा गाणारा शोधा. मी वर्षभर गाऊ शकत नाही.

घरी येताना स्तामेनाच्या पिशवीतले कांदे जड झाले. पोराने तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. भांडला असता तर तिला काहीतरी बोलता आलं असतं. तो मुकाट्याने कामाला जायचा, मुकाट्याने जेवायचा, नदीकडे बघत बसायचा. वेसेलिन गेला की बँड संपला, हे तिलाही कळत होतं. आणि हेही कळत होतं की हा पोरगा त्या खोलीत अर्धवट राहिलेल्या गाण्यांसोबत आपलं काहीतरी कायमचं कोंडून घेतोय.

ती पाद्र्याकडे गेली. पाद्री म्हातारा, मधमाश्या पाळणारा. त्याने सांगितलं की चर्चला प्रार्थना हवी, दानधर्म हवा. गाण्याबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही, ते लोकांचं आहे. तिने हात जोडले, पण मन निवलं नाही. लोकांचं म्हणजे काय हलकं झालं? तिने वडिलांसाठी आपलं लग्न मुकं ठेवलं होतं. ते कुठे लिहिलेलं होतं? आणि समोरच्या घरात रुमेन्का राहत होती. रुमेन्का म्हणजे गल्लीची जीभ आणि गल्लीची लाज, दोन्ही. कुणाकडेही मयत झाली की हंबरडा फोडायला तिलाच बोलवत. तिचा आवाज नदीपार जायचा. तिच्या समोर सुतक मोडणं म्हणजे चौकात मोडणं.

उपाय देवानेच दाखवला, असं स्तामेना पुढे मानायची. ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस होते. तिने बिनतेलाचा घेवडा चुलीत ठेवला होता, भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी काढली होती. वेसेलिन नेगोवानला भेटायला आला, पण पोरगा अजून कामावरून यायचा होता, म्हणून वेसेलिन ओसरीवर बसला. कानाला हेडफोन, मांडीवर गिटार, त्याची वायर कसल्याशा छोट्या डबीत. बोटं धावत होती, मान हलत होती, केस तोंडावर येत होते, आणि आवाज? कोंबड्या अंगणात दाणे टिपतात तेवढा. टिक्, टिक्, टिक्. स्तामेना हातात झाकणी घेऊन दारात उभी राहिली.

"काय वाजवतोयस रे?"

त्याने दचकून हेडफोन उतरवला. "काही नाही काकू. म्हणजे... सगळंच."

"मग ऐकू का येत नाही?"

"मलाच येतंय."

त्या रात्री तिने तसबिरीमागची किल्ली काढून नेगोवानच्या ताटाशेजारी ठेवली. दाराबाहेर काही ऐकू येता कामा नये, म्हणाली. जे कुणालाच ऐकू येत नाही ते वाजवलं असं कोण म्हणेल. नेगोवानने किल्लीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आई, तू पाद्र्यापेक्षा अवघड आहेस," एवढंच तो म्हणाला. पण घेवडा दोनदा वाढून घेतला.

पुढचे काही आठवडे तिला नंतर स्वप्नासारखे आठवायचे. बर्फ वितळत होतं, नदी फुगली होती, आणि खालच्या खोलीत नेगोवान, वेसेलिन आणि त्यांचा बास वाजवणारा, असे तीन तरुण पुरुष न वाजणारं संगीत वाजवत होते. ती लाकडं आणायच्या निमित्ताने जिन्यावर थांबायची. दार किलकिलं असायचं. गालिच्यांच्या लाल अंधारात त्यांचे खांदे घुसळायचे, पाय आपटायच्या बेताने उचलले जायचे आणि हवेतच सावकाश ठेवले जायचे, तोंडं वेडीवाकडी व्हायची, एकमेकांकडे बघून ते हसायचे. आणि सगळीकडे शांत. पाण्याखाली मासे नाचत असावेत तसं. कुठेतरी, यांच्या कानांच्या आत, केवढा गडगडाट चाललेला असणार. तिला संतांच्या तसबिरी आठवायच्या. त्यांचीही तोंडं मिटलेली, आणि तरी स्तोत्र चालू आहे असं वाटतं. ती क्रूस काढायची, लाकडं उचलायची, वर जायची.

राहिलं ते गाणं. म्हणजे गळ्याचं. ते हेडफोनमध्ये मावत नाही. ईस्टर झाला, लायलॅकच्या झुडपांना कळे आले, वेसेलिनची बॅग भरून झाली. नेगोवान आईपाशी येऊन उभा राहिला. तिने सूत गुंडाळता गुंडाळताच सांगितलं, "खाली गालिचे आहेत. दार घट्ट लाव. एक शनिवार, दुपारी, गल्ली झोपलेली असते तेव्हा." चर्चला दिलेल्या गालिच्याचा तिला त्या क्षणी विसर पडला होता. आणि पोरांना तर माहीतच नव्हतं की ती खिडकी माणसाच्या आवाजाला किती पातळ आहे. इतके दिवस त्यांनी आवाज केलाच कुठे होता?

तो शनिवार संत जॉर्जच्या सणाआधीचा. स्तामेना वर मागावर होती. खालून गाणी एकेक करून यायला लागली, दबकी, गालिच्यांत गुरफटलेली. तिला वाटलं, ठीक आहे. शेवटचं गाणं मात्र हळू होतं, लांब ओढीचं. ते नेगोवानने मागच्या वर्षीच लिहिलं होतं, बाप धडधाकट असताना, या निजलेल्या गावाला जागं करायला. त्यात वाद्यं होती, ड्रमचा दणका होता, पण ते सगळं त्याच्या कानात. बाहेर आला तो नुसता गळा. एका पुरुषाचा उघडा, फाटलेला आवाज, खिडकीतून नदीवर आणि नदीवरून गल्लीत.

"ऊठ. दार उघड. बर्फ पायरीवर आलंय. ऊठ ना, कुठवर निजशील."

समोरच्या घराची खिडकी उघडली.

इथे शनिवार मेलेल्यांचा मानतात. सुतकाच्या घरातून, वाद्याचा एक थेंब नसताना, मुलगा ओरडून म्हणतोय ऊठ, दार उघड. रुमेन्काने आणखी काय समजायचं? मयताला अशीच हाक मारतात. तिने ओव्हनमधला पाव फडक्यात घेतला, मेणबत्ती घेतली, डोक्याचा काळा रुमाल घट्ट केला आणि निघाली. वाटेत आणखी दोघींना हाक मारली. स्तामेनाला वरून त्या अंगणात येताना दिसल्या. तिचे हात धाग्यातच राहिले. ती धावत जिन्यावर आली आणि मध्येच थांबली. खाली उजवीकडे खोलीचं दार, त्याच्या आत तो, डोळे मिटलेला. समोर अंगणाचं दार, त्याच्या बाहेर त्या. कुणाला थांबवायचं?

रुमेन्काने पाव पायरीवर ठेवला, मेणबत्ती पेटवली, खिडकीकडे तोंड केलं आणि तिचा तो नदीपार जाणारा आवाज लावला.

"ऊठ रे ल्युबिसाव, बाळ हाक मारतंय. ऊठ रे भाऊ, तुझ्या पोराला कंठ फुटला."

नेगोवानला ऐकू आलं नाही. त्याच्या कानात ढग गडगडत होते. तो ओरडला, ती उत्तरली. तो थांबला तिथे तिने भरलं. बाकीच्या दोघी मागून गुणगुणल्या. स्तामेना जिन्यावर खाली बसली. थांबवणं तिच्याच्याने झालं नाही. तिला वाटलं, लग्नाच्या दिवशी न वाजलेलं सगळं आज एकदम वाजतंय, आणि तिच्या मांडीवर टपटप पाणी पडायला लागलं.

गाणं संपलं. दार उघडलं. नेगोवान हेडफोन गळ्यात घेऊन घामेजलेला बाहेर आला, अंगणातला उजेड पाहून डोळे बारीक केले, आणि समोर तीन काळ्या बायका, पाव, मेणबत्ती. रुमेन्काने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "रडलास बाबा. आता बरं होईल," म्हणाली. तो सांगायला गेला, की मावशी, ते... आणि पुढचं आलंच नाही. त्याचे ओठ वाकडे झाले. तो तिच्या खांद्यावर वाकला आणि रडला. असा रडला की वेसेलिन दारातून मागे आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

संध्याकाळी त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं. त्या शेवटच्या गाण्यात रुमेन्का होती, मधूनच शिरून पार शेवटपर्यंत, खिडकीपलीकडून. वेसेलिन म्हणाला की तिला काढता येणार नाही, आणि काढता आलं असतं तरी त्याने काढलं नसतं. पुन्हा गायला नेगोवानचा गळा उरला नव्हता, आणि सण होताच वेसेलिनची बस होती. पोरांनी दोघांनी स्तामेनाकडे पाहिलं. मयतासाठी घातलेली हाक बाईच्या नकळत अल्बममध्ये घालायची, हे चोरून मेणबत्त्या उचलण्यासारखं होतं. तिने चप्पल घातली.

रुमेन्काच्या स्वयंपाकघरात तिने सगळं सांगितलं. गाणं काय होतं, कधी लिहिलं होतं, त्यांनी खाली काय चालवलं होतं. काही लपवलं नाही. रुमेन्काने कॉफीचं भांडं विस्तवावरून उतरवून बाजूला ठेवलं. 

"म्हणजे मी तुमच्या लांडग्यासाठी गळा काढला?"

"हो गं."

"चुलीतल्या."

"हो."

"पोरं उपवासातसुद्धा वाजवत होती?"

"आवाज न करता."

"ते देवाला सांग, मला नको." रुमेन्काने कप पुसला, पुन्हा पुसला. "पण पोरगा रडला तो खरा रडला ना?"

"खरा रडला. तुझ्याच खांद्यावर."

"मग मी कुणासाठी रडले ते मला माहिती आहे." तिने कॉफी ओतली. "ठेवा. पण ल्युबिसावचं नाव कापायचं नाही. नाव कापलंत तर मी तुमच्या दारात उभी राहून उरलेलं सगळं वर्ष रडेन, आणि त्याला तुम्हाला गिटार पुरायची नाही."

अल्बम शरदात आला. वेसेलिन ऑस्ट्रियात छपरावर बसून तो मित्रांना ऐकवत असे, असं त्याने कळवलं. पिरोतमध्ये मोटारीतून, बाजारातल्या टपरीतून तो ऐकू यायचा. स्तामेनाला लांबून ऐकू आला की ती रस्ता ओलांडायची, सुतकाचं वर्ष अजून भरलं नव्हतं. घरात तो कपाटावर, न उघडलेला. एकदा नेगोवानने हेडफोन तिच्यासमोर धरला. तिच्याच नियमाने हे चालेल, म्हणाला, कुणालाच ऐकू जाणार नाही. ल्युबिसाव गेल्यापासून पहिल्यांदा ती हसली. "मला ऐकू येईल ना," म्हणाली. "मी कोण, कुणीच नाही का?" तिला घाई नव्हती. जे आपलं आहे ते वाट पाहतं.

वर्ष भरलं. सकाळी कबरीवर मेणबत्त्या लावल्या, गहू वाटले, वाइनचे चार थेंब मातीवर सांडले. दुपारी सगळे गेल्यावर तिने आरशावरचं कापड काढलं आणि त्यातल्या बाईला क्षणभर ओळखलं नाही. मग समोर हाक मारून रुमेन्काला बोलावलं. ती आली, रविवारचा झगा घालून, जणू फोटो काढायचाय. नेगोवानने कपाटावरून डबी घेतली, सीडी लावली, आणि सवयीने खिडकी बंद करायला गेला.

"उघडी राहू दे," स्तामेना म्हणाली.

बाहेर बर्फ होतं. पहिला दणका आला तशी रुमेन्का खुर्चीत दचकली, छातीवर क्रूस काढला, रुमालाने तोंड झाकलं आणि झाकल्या तोंडाने विचारलं, "मी कुठाय?"

"शेवटी, मावशी. अजून बरीच गाणी आहेत."

"तोवर हे सगळं ऐकायचं?"

"ऐकायचं."

रुमेन्काने मोठा उसासा सोडला आणि हात मांडीवर जुळवून, चर्चमध्ये बसावं तशी, ताठ बसली. शेजारी स्तामेनाही तशीच बसली. दोघी वाट पाहत राहिल्या, ल्युबिसावचं नाव कधी येतंय त्याची.